विकायचे घर

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज सांगून गेले. घर पाहावे विकून, असे मात्र कोणी सांगितलेले नाही. एक तर विकण्याइतकी घरे त्यांच्याजवळ नसावीत, किंवा विकल्यावर त्याविषयी बोलावेसे त्यांना वाटले नसावे. मी बोलणार आहे. कारण २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही गुहागरचे आमचे घर विकले आणि विकण्यापूर्वी मे महिन्याची सबंध सुटी मी ते स्वतःच्या हातांनी दुरुस्त करण्यात घालवली. मराठीचा प्राध्यापक, अंगात फाटका गंजीफ्रॉक आणि हातात थापी, हे दृश्य पाहून वाडीतल्या पोरांची चांगलीच करमणूक झाली.

आम्ही तीन भावंडे. ताई डोंबिवलीला, धाकटा भाऊ नाशिकला आणि मी पुण्यात. वडील २०१८ साली गेले. तेव्हापासून आई माझ्याकडे असते आणि गुहागरच्या घराला कुलूप. वर्षातून एकदा कोणीतरी जायचे, दारे-खिडक्या उघडायच्या, दोन दिवस केर काढायचा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा कुलूप लावून यायचे. अखेर भावाच्या घराचे कर्ज आणि ताईच्या मुलाचे शिक्षण या दोन गोष्टींनी निर्णय घेतला. आम्ही फक्त मान डोलावली. भीती होती ती आईची. ती शांतपणे म्हणाली, “विकायचं तर विका. कुलपात मरण्यापेक्षा कोणी नांदेल तरी. पण गळतं घर देऊ नका. मुलगी देताना आजार लपवून देत नाहीत.”

भावाचे म्हणणे व्यवहाराचे होते. कोकणात घेणारा जमीन बघतो, घर बघत नाही. मग विकायच्या घरावर पैसे का घालायचे? त्याला उत्तर माझ्यापाशी नव्हते. सुटी मात्र होती. गवंडी आणि सुतार लावून, हाताखालचे काम आपणच करायचे म्हणजे खर्च निम्म्यावर येईल, असा हिशेब मांडून मी निघालो.

पुण्याहून गुहागरला जाताना आमची वाट कऱ्हाड-पाटणवरून कोयनानगरला जाते आणि कुंभार्ली घाटाने एकदम कोकणात उतरते. घाटमाथ्यापर्यंत हवा कोरडी असते. चिपळूण आले की सदरा पाठीला चिकटतो आणि माणूस समजतो, आलो. चिपळूणपासून पुढचे पंचेचाळीस-एक किलोमीटर मार्गताम्हाने, शृंगारतळी अशी वळणे घेत जातात. मेमध्ये दोन्ही बाजूंचे सडे तव्यासारखे तापलेले असतात, तांबड्या मातीची धूळ करवंदीच्या जाळ्यांवर बसलेली असते. आणि मग रस्ता उतरू लागतो, माडांचे शेंडे दिसतात, हवेत खारेपणा येतो.

गुहागर हे रुंदीचे गाव नव्हे, लांबीचे. समुद्राला समांतर एक लांबच लांब रस्ता; एका टोकाकडे वरचा पाट, दुसरीकडे खालचा पाट. रस्त्याच्या कडेने घरे. समुद्राच्या बाजूच्या घरांमागे विहीर, विहिरीमागे माड-पोफळींचे आगर, आगरामागे सुरूची झाडे आणि त्यांच्यापलीकडे मैलोगणती पसरलेली वाळू. प्रत्येक घराला समुद्र आहे, पण पट्टी एवढाच. मधोमध व्याडेश्वराचे देऊळ. महाराष्ट्रभर पांगलेली कितीतरी घराणी वर्षातून एकदा त्या कुलस्वामीला भेटायला येतात आणि जाताना “इथे एखादं जुनं घर मिळालं तर बरं होईल हो,” असे म्हणून जातात. आमच्या दलालाचा सारा धंदा या एका वाक्यावर चालतो, असे त्यानेच मला सांगितले.

आमचे घर खालच्या पाटातले. दरवाजाच्या चौकटीवर शके १८५३ असे कोरलेले आहे. म्हणजे १९३१-३२ साली पणजोबांनी ते बांधले. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, देवघर, बाळंतिणीची अंधारी खोली, स्वयंपाकघर, मागे पुन्हा पडवी आणि न्हाणीघर. भिंती जांभ्याच्या, छप्पर मंगळुरी कौलांचे. कुलूप काढले तेव्हा आत ओल्या मातीचा आणि वटवाघळांचा वास होता. ओटीवर वाळवीने जमिनीपासून कडीपाटापर्यंत मातीची एक सरळ रेघ ओढली होती. इतकी सरळ रेघ माझ्या वर्गात फळ्यावर मला कधी ओढता आलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सुतार आले. सत्तरीचे, बारीक अंगाचे. माझ्या वडिलांना ते मास्तर म्हणत. वडील शाळेत होते. ती पदवी त्यांनी वारसाहक्काने मला दिली. घरभर फिरून त्यांनी निदान सांगितले, “मास्तर, घराला रोग काही नाही. घर उपाशी आहे.”

त्याचा अर्थ मला पुढल्या काही दिवसांत कळला. चूल पेटती असेपर्यंत तिचा धूर माळ्यावर जाऊन वाशांवर बसतो, लाकूड काळे आणि कोरडे राहते, किडा-वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. जमीन शेणाने सारवली जाते, तेव्हा सारवणारीची नजर रोज कोपऱ्याकोपऱ्यातून फिरते. दारे उघडी असतात म्हणून भिंती वाळतात. राहणाऱ्या माणसांच्या नुसत्या वावरण्यानेच घराची निम्मी दुरुस्ती होत असते. आपण कुलूप लावतो ते घर सुरक्षित राहावे म्हणून आणि नेमके कुलपामुळेच ते खचते.

काम छपरापासून सुरू झाले. कोकणात पावसाळ्यापूर्वी घर शाकारतात हे मी लहानपणापासून पाहिले होते. पण पाहणे आणि कौलारावर उभे राहणे यांत बराच फरक आहे. सुमारे तीन हजार कौले एक एक करून उतरवायची, शेवाळ खरवडायचे, बोटाच्या पेराने ठोकून पाहायचे. अखंड कौल खणकन वाजते, भेगाळलेले बद्द. कौलांच्या पाठीवर मंगळूरच्या कारखान्याची उठावाची अक्षरे होती. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. पुढे तशीच कौले गलबतांतून सबंध किनाऱ्यावर पसरली आणि गवताची व नळीची कित्येक छपरे त्यांनी झाकून टाकली. आमचीही समुद्रमार्गेच आली, असे आजोबा सांगत. त्यांतली दोनशेच्या आसपास फुटली होती. रिपा मात्र निम्म्या बदलाव्या लागल्या. लोखंडी खिळे खाऱ्या हवेने खाऊन टाकले होते; जिथे पणजोबांच्या सुताराने लाकडी खुंट्या मारल्या होत्या, ते सांधे जसेच्या तसे होते.

भिंतींची कथा निराळी. माझ्या लहानपणी वडिलांनी हौसेने ओटी-माजघराला कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. त्याच्या बरोबर वर आता ओलीचे नकाशे उमटले होते आणि लोणा लागून भिंतीचा भुगा पडत होता. जांभा दगड खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेत राहून कठीण होतो. पण अंगात छिद्रे असल्यामुळे तो पाणी पितो. प्यालेले पाणी त्याला बाहेर टाकता आले पाहिजे. सिमेंटने तोंड बांधले की ते पाणी वर चढते. गवंड्याने हे मला एका वाक्यात समजावले, “एकदा गोपाळगड बघून या. त्याला कोणी सिमेंट फासलं होतं?”

रविवारी मी खरोखरच अंजनवेलला गेलो. वाशिष्ठीच्या मुखावर, पलीकडे दाभोळ आणि खाली निळी खाडी, असा तो गोपाळगड उभा आहे. तटाच्या चिऱ्यांवर दर पावसाळ्यात शेवाळ धरते, दर उन्हाळ्यात ते करपते. भिंत आपली श्वास घेत उभी. किल्ल्यावर जाऊन इतिहास आठवायचा सोडून गिलाव्याचा विचार करणारा मी पहिलाच प्रवासी असेन. परत आल्यावर आठवडाभर छिन्नी-हातोडी घेऊन मी वडिलांचा गिलावा फोडत होतो. ते काम सोपे नव्हते. प्रत्येक घावाबरोबर त्यांचे शब्द आठवत, “आता पन्नास वर्षं बघायला नको!” त्यांनी पैसे साठवून, कौतुकाने केलेले ते काम होते. चूक प्रेमाने केलेली असली की ती फोडताना हात जड होतो.

मग कळीचा चुना आणून विरवला. पाणी पडताच तो असा उसळला, की बघायला जमलेली पोरे पळाली. आठ दिवस मुरवून, वाळू मिसळून, त्याचा गिलावा केला. माजघराच्या भिंतीत एक तिरपी भेग होती. घरात तिला ‘कोयनेची भेग’ म्हणत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती पडली, असे आजी सांगे. ती बुजवण्यापूर्वी मी तिचे एक छायाचित्र घेतले आणि भावंडांना पाठवले. ताईने उत्तर धाडले, “तिच्यात मी लिमलेटच्या गोळ्या लपवत असे. बघ, एखादी सापडते का!”

मधल्या काळात दलाल गिऱ्हाइके आणत होता. पहिले गिऱ्हाईक मुंबईचे. त्यांना घराशी कर्तव्य नव्हते; ते पाडून समुद्राकडे पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. त्यांनी सांगितलेली किंमत आमच्या अपेक्षेहून सहा लाखांनी जास्त होती. त्या रात्री आम्हा तिघांचे फोनवर बराच वेळ बोलणे झाले आणि तिघांपैकी कोणीही ‘नको’ म्हटले नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. दोन लाख प्रत्येकी, ही लहान रक्कम नव्हे. आईला काय सांगायचे, एवढाच प्रश्न उरला होता. पण गृहस्थांनी चौकशी केली, तेव्हा किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम आड आले. असे नियम आपल्या देशात १९९१ पासून आहेत आणि भरतीच्या रेषेपासून किती अंतरावर काय बांधता येते, हे ते ठरवतात. शिवाय आगर सात-बाराला शेती म्हणून लागलेले. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा सहसा शेतकरी असावा लागतो. गृहस्थ आले तसे गेले. आमचा त्याग करून दाखवण्याची वेळ देवाने येऊ दिली नाही. कदाचित त्याला निकाल ठाऊक असावा.

दुसरे गिऱ्हाईक कोल्हापूरकडचे. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. मूळ खेड बाजूचे, नावावर थोडी शेती असलेले. त्यांना आणि त्यांच्या पत्नीला राहायलाच घर हवे होते. शनिवारी पाहायला येतो म्हणाले.

आणि गुरुवारी माजघराची तुळई निघाली. सुतारांनी तासणीच्या दांड्याने ती ठोकत नेली; मध्यापर्यंत खणखणीत आवाज, भिंतीत शिरते तिथे मात्र पोकळ. ओल्या भिंतीतले टोक वाळवीने आतून खाल्ले होते. वरून पाहावे तर लाकूड अखंड. बदलायची तर छप्पर टेकूवर घ्यावे लागणार. जून लाकूड, मजुरी धरून साठ हजारांचा खर्च आणि किमान दहा दिवस. दलाल म्हणाला, “सर, लांबी भरा आणि रंग मारा. अजून दहा वर्षं काही होत नाही.” भाऊ फोनवर म्हणाला, “दादा, घेणारा काय लहान मूल आहे? त्याचं त्यानं बघून घ्यावं.”

वाचकांपासून लपवीत नाही. मी रंग मारला. गुरुवारी रात्री सुतार घरी गेल्यावर मी तपकिरी तेलरंगाचा डबा फोडला, शिडीवर चढलो आणि ते टोक सफाईने रंगवून टाकले. महिनाभर घराच्या सगळ्या कामांत धांदरटपणा करणारा माझा हात त्या रात्री अजिबात चुकला नाही. खाली उतरून पाहिले. तुळई झकास दिसत होती. मग जेवण गेले नाही म्हणून वाळूवर जाऊन बसलो. भरती होती. अंधारात लाट दिसत नव्हती, नुसता फेस पुढे येऊन विरत होता. इथला गणपती उफराटा म्हणतात. समुद्र गावात शिरू लागला तेव्हा पूर्वेकडचे तोंड त्याने पश्चिमेकडे फिरवले, म्हणून समुद्र मागे हटला, अशी लोकांची श्रद्धा आहे. मला त्या रात्री तोंड कोणीकडे करावे तेच समजेना.

सकाळी सुतार आले. तुळईकडे पाहून तंबाखू मळत उभे राहिले. म्हणाले, “रंग छान बसलाय, मास्तर. पोकळ लाकडावर नेहमीच छान बसतो.” एवढे बोलून ते आपल्या कामाला लागले. दिवसभर त्याबद्दल एक अक्षर नाही. त्यांनी दोन शब्द जास्त सुनावले असते, तर मला राग तरी आला असता.

शनिवारी गिऱ्हाईक आले. मी त्यांना सारे घर दाखवले. बदललेल्या रिपा, चुन्याच्या भिंती, उपसलेली विहीर. शेवटी माजघरात आलो. दलाल त्यांना आगर दाखवायला नेऊ पाहत होता. मी शिडी लावली, तासणी घेतली आणि त्यांच्या हातात दिली. “इथे ठोकून पाहा,” म्हटले. त्यांनी ठोकले. आवाज त्यांनाही कळला. “कालपरवाच रंगवलेली दिसते,” ते म्हणाले. “हो. मीच रंगवली,” मी म्हणालो. दलालाने कपाळाला हात लावला.

नवराबायको आगरात जाऊन बराच वेळ बोलत राहिली. परत आल्यावर बाई म्हणाल्या, “दाखवलंत ते बरं केलंत. आता बाकी घराकडे संशयाने बघायला नको.” तुळईचा खर्च किमतीतून कमी करायचा आणि काम सुतारांकडूनच करून घ्यायचे, असे ठरले. प्रत्येक भावंडाचे वीस हजार गेले. भाऊ दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला, “रंग मार असं मी म्हणालो होतो, ते आईला सांगू नकोस.”

तुळई बदलली. नव्या लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल चोपडले. वाळवीवर तो कोकणातला जुना उपाय आहे. ते तेल कातडीला लागले की भाजते, हे सुतारांनी बजावूनही मी हातावर घेतलेच. त्याचा डाग अजून मनगटावर आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात खरेदीखत झाले. आदल्या दिवशी भावंडे आणि आई आली. आईने घरभर फिरून भिंतीवरून हात फिरवला, विहिरीचे पाणी ओंजळीने प्याली आणि देवघरात गेली. देव एकेक पुसून डब्यात ठेवले. देवघराच्या कोपऱ्यात एक जुने पितळी तपेले पालथे पडलेले होते. त्याच्याखाली जमिनीवर काळा गोल डाग. महिन्यापूर्वी मी तो डाग घासघास घासला होता, पण निघाला नव्हता. मी तपेले उचलून पेटाऱ्यात ठेवू लागलो, तर आई म्हणाली, “ते तिथंच राहू दे.” म्हातारपणी एखाद्या वस्तूवरचा लोभ असा सुटतो, असे समजून मी ते परत ठेवले. कुलूप आम्ही लावलेच नाही. किल्ली नव्या मालकांच्या हातात दिली आणि दार उघडे ठेवून निघालो. त्या घरातून निघताना दार उघडे ठेवण्याची ती आमची पहिलीच वेळ होती.

पंधरा दिवसांनी गुहागरहून फोन आला. मोठा पाऊस झाला होता. गृहस्थ आनंदात होते, “सर, चार दिवस कोसळतोय, पण घरात थेंब नाही. फक्त देवघराच्या कोपऱ्यात, दोन पाख्यांच्या सांध्याखाली, थोडं ठिबकतंय.” माझ्या पोटात धस्स झाले. सगळे आजार सांगितले, आणि हा एक राहिला! ओशाळून आईला म्हटले, “देवघर गळतंय म्हणे.”

आई वाती वळत होती. तिने मान वरसुद्धा केली नाही. म्हणाली, “ते गळणं नव्हे रे. तिथं पहिल्यापासून ठिबकतं. तुझ्या आजोबांनी तीन वेळा सांधा बदलून पाहिला. त्यांना म्हणावं, कोपऱ्यात तपेलं ठेवलंय, ते सुलटं करा.”